दादू कुणाला जाऊ देत नाही

संजीवनी गेल्याचं मला कळलं तेव्हा मी दादूच्या तोंडातून माझी चप्पल सोडवत होतो.

श्रावणातला बुधवार होता. डेंग्यूनं तिला बारामतीच्या दवाखान्यात ठेवलं त्याचा चौथा दिवस. तीन दिवस मी तिथंच बाकावर होतो. चौथ्या दिवशी सकाळी तिनंच मला घरी पाठवलं. शेजारच्या युवराजचा फोन आला होता, की कुत्र्यानं दोन दिवस काही खाल्लं नाही आणि दूध न्यायला आलेल्या माणसाला ते गोठ्याकडं फिरकू देत नाही. संजीवनी म्हणाली, "जावा, त्याला भाकरी घालून या. दुधात कुस्करा, आन् आधी बसवा. बसल्याबिगर देऊ नका."

मी म्हटलं, "कुत्र्याचं राहू दे. तू आधी बरी हो." आणि निरवांगीची गाडी धरली. आमचं शेवटचं बोलणं हे. कुत्र्यावरून.

घरी पोचलो तर दादूनं दोन्ही पंजे माझ्या छातीवर ठेवले आणि मी चिखलात बसलो. भाकरी टाकली, ती त्यानं हुंगली नाही. चप्पल मात्र पळवली. तेवढ्यात जावयाचा, रविराजचा, फोन आला. "मामा," एवढंच म्हणाला आणि पुढं बोलेचना. माझ्या एका हातात फोन, दुसऱ्या हातात चपलेचं टोक. "बोल की!" मी ओरडलो. ते त्याच्यावर ओरडलो की कुत्र्यावर, आज सांगता येणार नाही. मग त्यानं सांगितलं.

पाच मिनिटांत युवराज जीप घेऊन आला. आत येऊन त्यानं माझा दंड धरला आणि काही न बोलता आम्ही गेटकडं निघालो. दादू गेटला आडवा. मला जाऊ दिलं. युवराजच्या विजारीची कड मात्र तोंडात धरून बसला. गुरगुरला नाही, चावला नाही, नुसता धरून बसला. बायको तिकडं मरून पडलेली आणि इकडं दोन माणसं कुत्र्याच्या तोंडातून विजार सोडवतायत. शेवटी युवराजनं हिसका देऊन विजार फाडून घेतली आणि आम्ही निघालो.

दादू म्हणजे रॉटवायलर. संजीवनीचा भाऊ बारामतीत राहतो, त्यानं हौसेनं पिल्लू आणलं आणि ते वाढायला लागल्यावर आमच्या वस्तीवर आणून सोडलं. सिमेंटच्या पोत्याला पाय फुटले तर जसं दिसेल तसा तो दिसतो, आणि वजनही तेवढंच. दोन वर्षं संजीवनीनं त्याचं सगळं केलं. मी दिवसभर डाळिंबात नाहीतर उसात. घरी आलो की कुत्रं भिंतीला बसलेलं असायचं. चांगलं कुत्रं आहे, एवढीच माझी त्याच्याशी ओळख.

मातीला आणि सावडायला लोक आले तेव्हा आम्ही त्याला विहिरीवरच्या मोटारीच्या खोलीत कोंडलं. दहाव्याला कुणीतरी कडी काढली. जेवणं झाली, बायका निघाल्या, आणि दादूनं नेमकी माझी विहीण धरली. शकुबाई, पळसदेवची. माझी एकुलती लेक स्वप्नाली त्यांच्या घरात दिलेली. शकुबाई म्हणजे रीतभातीच्या पक्क्या. नऊवारीचा घोळ दादूच्या तोंडात, आणि बाई गेटात ताठ उभ्या. वीस मिनिटं. मी ओढतोय, युवराज ओढतोय, दादू मान खाली घालून उभा. मग कुणीतरी मटणाचं हाडूक आणलं... नाही, दहाव्याला मटण कुठलं, वडा आणला. वड्यासाठी त्यानं घोळ सोडला.

शकुबाई त्यावेळी काही बोलल्या नाहीत. पंधरा दिवसांनी बोलल्या.

स्वप्नालीला तेव्हा तिसरा महिना. पहिलं बाळंतपण माहेरी, हे ठरलेलं. संजीवनीनं पोरीसाठी जुन्या लुगड्यांच्या दुपट्यांची शिवण काढली होती. आता ती नाही, तर माझी थोरली बहीण प्रयागबाई, आमची अक्का, माझ्याकडं राहायला आली होती आणि बाळंतपण तीच करणार होती. मी हे सांगायला पळसदेवला फोन लावला तर शकुबाई म्हणाल्या, "आबा, तुमचं दुख मला कळतंय. पर ते जनावर दारात हाय तवर मी सुनंला धाडणार न्हाय. उद्या त्यानं बाळतिणीला असं धरलं तर?"

म्हणणं चुकीचं नव्हतं. मी स्वप्नालीला म्हटलं, "दादूला देऊन टाकतो. हायवेवरच्या हाटेलवाल्याला पायजेच हाय."

ती म्हणाली, "द्या की. मग मी येत न्हाय."

"आता तुला काय झालं?"

"आई न्हाय, दादूबी न्हाय. मग मी येऊ कशाला? हितं दवाखाना जवळ हाय."

म्हणजे सासू म्हणते कुत्रं असलं तर पाठवत नाही आणि सून म्हणते कुत्रं नसलं तर येत नाही. मधी मी. मी फोन ठेवला आणि दादूकडं बघितलं. तो माझ्या पायजम्याची नाडी चघळत होता.

मी आयुष्यात पंधरा-सोळा खोंडं औताला धरली. निरवांगीत कुणाचा खोंड मारका निघाला की माझ्याकडं आणायचे. म्हटलं, बैल ऐकतो तर हे काय. कळपातून पळणाऱ्या जनावराच्या गळ्यात लाकडाचा ओंडका अडकवतात, त्याला आमच्याकडं लोढणं म्हणतात. पळायला लागलं की लोढणं गुडघ्याला लागतं आणि जनावर थांबतं. मी बाभळीचा आठ किलोचा ओंडका काढला, भोक पाडलं आणि दादूच्या गळ्यात घातला.

पहिले दोन दिवस तो थांबला. तिसऱ्या दिवशी त्याला कळलं की ओंडका ओढता येतो. पंधरा दिवसांत तो लोढणं घेऊन पळायला लागला. ठिबकच्या नळ्या गुंडाळून आणल्या. अक्कानं ताडपत्रीवर वाळत घातलेली बाजरी अख्ख्या अंगणात पसरली. मान आधी माझ्या मांडीएवढी होती, ती आणखी जाड झाली. दोरी लावून फिरवायला नेलं तर मी मागं घसरत यायचो.

"मानसिंगा," अक्का म्हणाली, "तू त्याला शिकवतोयस का तालीम करून घेतोयस?"

मग मी बैलाचं मुसकं आणलं. मुसकं त्याच्या तोंडाला मोठं झालं. ते त्यानं डोक्यावर टोपीसारखं सरकवलं आणि तसंच दूध न्यायला आलेल्या माणसाच्या अंगावर उडी मारली. तो माणूस हसला. मला काही हसू आलं नाही.

त्याला हात उगारला तर तो खेळ समजायचा. ओरडलो तर तोही भुंकायचा. ताट ठेवलं की माझ्याकडं दात दाखवायचा, आणि ताट उचललं की आणखी. मी रोज संध्याकाळी दमायचो आणि रोज संध्याकाळी मनात यायचं, की या कुत्र्याला भाकरी घालायला मी त्या दिवशी इथं आलो. नाहीतर तिथं असतो.

शेवटी युवराजच्या पिकअपमध्ये घालून त्याला बारामतीला जनावरांच्या डॉक्टरांकडं नेलं. डॉक्टर माधवी म्हणून एक तरुण बाई आहेत. त्यांनी आधी लोढणं बघितलं.

"हे काय आहे?"

मी सांगितलं.

"हे आधी काढा. तुम्ही त्याला दोन महिने ओढायला शिकवलंय."

मग त्यांनी त्याची दोरी हातात घेतली आणि दवाखान्यामागच्या मोकळ्या जागेत चालायला लागल्या. दादूनं ओढलं, बाई थांबल्या. नुसत्या खांबासारख्या उभ्या. दादूनं मागं बघितलं, दोरी ढिली झाली, बाई चालल्या. पुन्हा ओढलं, पुन्हा थांबल्या. वीस पावलं जायला त्यांना दहा मिनिटं लागली. मी घड्याळ बघत होतो.

"तो ओढतो आणि तुम्ही त्याच्यामागं जाता. मग ओढल्यावर पुढं जायला मिळतं, हे त्याला कळलं. उडी मारली की तुम्ही ओरडता, ढकलता. त्याला तेवढंच पाहिजे असतं. उडी मारली की पाठ फिरवा, हात लावू नका, बोलू नका. चारी पाय जमिनीवर आले की मग बोला. ताटाला गुरगुरतो तर ताट काढून घेऊ नका, उलट येता-जाता चांगला तुकडा त्यात टाका. म्हणजे तुम्ही जवळ आलात की काही जात नाही, मिळतंच, असं त्याला वाटलं पाहिजे. आणि घरातल्या सगळ्यांनी एकच रीत ठेवायची."

"घरात आमी दोघंच हाय. मी आन् अक्का."

"मग सोपं आहे."

सोपं आहे म्हणे. त्यांना अक्का ठाऊक नव्हती.

गेटचं मी शेवटी सांगितलं. ते ऐकून त्या थांबल्या. "येणाऱ्याला अडवत नाही आणि जाणाऱ्याला अडवतो? हे आपोआप होत नाही. तुमच्या पत्नीनं त्याला काय शिकवलं होतं?"

"मला ठाव न्हाय."

"दोन वर्षं कुत्रं घरात होतं ना?"

मला त्यांचा राग आला. खरं म्हणजे त्यांचा नाही.

"एक करा," त्या म्हणाल्या, "कुणाला जाऊ देतो आणि कुणाला नाही, ते रोज लिहून काढा."

मी कॅलेंडरच्या मागच्या बाजूला लिहायला लागलो. संजीवनी गेल्यावर भेटायला येणाऱ्यांची रीघ दिवाळीपर्यंत चालूच होती. अडवले: माझा मावसभाऊ, संजीवनीची चुलती, सोसायटीचे चेअरमन, भजनी मंडळाच्या चार बायका एकदम. सोडले: वीजमीटरचं रीडिंग घेणारा, फवारणीच्या औषधांचा सेल्समन, उसाची नोंद करायला आलेला स्लीपबॉय, आणि एक माणूस जो पत्ता चुकून आला होता. म्हणजे परक्याला सोडतो आणि पाहुण्याला धरतो. राखणीचं कुत्रं आणि त्याचं हे असं. मी ती यादी अक्काला वाचून दाखवली.

"त्याला मानसं कळतात," अक्का म्हणाली. "ज्यो रडाय येतो त्येला धरतंय. वहिनीचा जीव त्याच्यात अडकलाय. दहीभात उतरून टाकू."

"दहीभात त्योच खाईल."

"खाऊ दे की मग."

दहीभात उतरला. त्यानंच खाल्ला. दुसऱ्या दिवशी त्यानं गावच्या पोलीसपाटलांना धरलं.

दिवाळीनंतर अनिता आली. बांगड्या विकणारी, डोक्यावर पेटी घेऊन वस्त्यांवरनं फिरते. वर्षातून दोनदा येते. तिला काही ठाऊक नव्हतं. गेटातूनच हाक, "ताई, ओ ताई! हिरव्या आणल्यात बघा, तुमाला आन् पोरीला!"

मी ओट्यावर बसलो होतो. कसं सांगायचं ते मला कळेना, म्हणून सरळ सांगितलं. अनिता पेटीसकट खाली बसली. रडली. अक्कानं पाणी दिलं, चहा दिला. तासाभरानं ती उठली, पेटी डोक्यावर घेतली, गेटकडं गेली. दादू उठून गेटला आडवा झाला, आणि मी मनात म्हटलं, झालं, आता हिच्या लुगड्याचं बघा.

अनितानं त्याच्याकडं बघितलं आणि सवयीनं तोंडातून गेलं, "येते हं आबा."

मीही सवयीनं म्हणून गेलो, "या."

दादू उठला, बाजूला झाला आणि भिंतीकडं जाऊन बसला.

अनितानं मात्र स्वतःच्या तोंडावर चापट मारली. "आगं आई! दुखाच्या घरातनं 'येते' म्हटलं मी. चुकलं आबा, चुकलं अक्का."

अक्काचा चेहरा उतरला होता. "आन् ह्यो बघा, ह्यो वर 'या' म्हनतोय!"

आमच्याकडं मयताच्या घरून निघताना कुणी 'येतो' म्हणत नाही. तसं पुन्हा यायची वेळ येऊ नये म्हणून. लोक गप उठतात आणि चालायला लागतात. घरातला कुणी पोचवायलाही जात नाही. हे लहान पोरालाही ठाऊक असतं. मी मात्र कॅलेंडर काढलं. मीटरवाला 'येतो काका' म्हणाला होता. सेल्समन 'येतो' म्हणाला होता. स्लीपबॉयही. त्यांना आमच्या दुःखाशी काही देणंघेणं नव्हतं, आणि मीही सवयीनं 'या' म्हणालो असणार. आणि धरलेला एकेक माणूस गप गेला होता.

"अनिता, थांब," मी म्हणालो. "ह्ये कुत्रं 'येते' म्हटल्यावर उठलं का?"

"मग? ताईनं शिकवलंय न्हवं का. तुमाला ठाव न्हाय?"

पुन्हा तेच. मी म्हटलं, "न्हाय ठाव. सांग."

"आवो, मागच्या साली तुमचा मोटारीचा स्टार्टर गेला बघा. भंगारवाला म्हनून कुणी आला, पानी मागितलं, ताई आत गेली तवर स्टार्टर पोत्यात घालून गुपचिप गेला. मग ताई म्हनल्या, चोर काय 'येतो' म्हनून जातोय व्हय? मला हितं उभं करून धा येळा गेटातनं जायला लावलं. गप गेलं की कुत्रं आडवं. 'येते' म्हटलं, त्यांनी 'या' म्हटलं, की भाकरीचा तुकडा आन् बाजूला. माझी एक बांगडी फुटली त्या नादात." ती जरा हसली आणि मग हसू थांबवलं. "लई हुशार बाई."

मी ओट्यावर बसून राहिलो. माझ्या गेटात ही शिकवणी चाललेली आणि मी दोनशे पावलांवर डाळिंबाला पाणी देत होतो. घरी आल्यावर ती सांगत असणार. मी ऐकलं नसणार.

आता कळलं, पण करायचं काय? भेटायला येणाऱ्याला मी म्हणू का, की माझी बायको गेलीय पण कुत्र्यासाठी तेवढं 'येतो' म्हणा? मी अक्काला म्हटलं, "निदान घरातली मानसं तरी म्हनू. शकुबाईंना सांगू."

"माझ्या जिवात जीव हाय तवर या घरात वरीस होईपर्यंत 'या' म्हनायचं न्हाय. एक गेली तेवढी बास."

"आगं, कुत्र्याला म्हनायचंय."

"ऐकनारा कुत्राच असतोय व्हय? वर कुणी ऐकत न्हाय?"

मी डॉक्टरांना फोन केला. त्या बराच वेळ हसल्या, मग माफी मागितली. म्हणाल्या, "तिनं शिकवलेलं मोडू नका. दुसरं शिकवा. एक जागा ठरवा. गोणपाट, चटई, काहीही. पाहुणा उठला की त्यानं तिथं जाऊन बसायचं. गेटवर असण्यापेक्षा तिथं बसण्यात जास्त फायदा आहे, असं त्याला वाटलं पाहिजे."

मी भिंतीजवळ गोणपाटाचं पोतं टाकलं. रविराज लोणी देवकरला फॅक्टरीत कामाला आहे, तो शनिवारी येताना उजनी धरणातली चिलापी मासळी आणायचा. ती उकडायची, काटे काढायचे, बोटाएवढे तुकडे करायचे. "पोतं," म्हणायचं, तो पोत्यावर गेला की तुकडा. गेला नाही की काही नाही. ओरडायचं नाही. हे 'ओरडायचं नाही' मला सगळ्यात जड गेलं.

पहिल्या आठवड्यात तो पोतं तोंडात धरून माझ्याकडं आणायचा. दुसऱ्या आठवड्यात पोत्यावर बसायचा आणि तुकडा खाऊन लगेच उठायचा. मी पाहुणा व्हायचो, युवराज पाहुणा व्हायचा, गेटातून गप जायचं, परत यायचं, गप जायचं. लोक रस्त्यावरून बघायचे, की हे दोघं बापे दिवसभर एका गेटातून ये-जा का करतायत. उडीला पाठ फिरवणं मला जमलं, पण अक्का लपूनछपून त्याचे पंजे धरून "माझं सोनं गं ते" करायची. मी पकडलं की म्हणायची, "आता काय केलं मी?" म्हणजे दिवसभर मी शिकवायचं आणि संध्याकाळी हिनं पुसायचं.

तरी पौषात तो उड्या मारायचा थांबला. ताटावर गुरगुरणं कमी झालं. आधी बसवायचं आणि मग ताट ठेवायचं, हे मी सुरू केलं त्या दिवसापासून. संजीवनी दवाखान्यात सांगत होती तेच. पोत्यावर तो दहातून सातदा बसायचा.

सात पुरे होतील असं धरून मी शकुबाईंना बोलावलं. "एकदा बघून जावा. मग ठरवा."

त्या रविवारी रविराजला घेऊन आल्या. गेटात पाऊल टाकताना दोन्ही हातांनी नऊवारी सावरली. दादू आला, हुंगलं, चारी पाय जमिनीवर. मी म्हटलं "पोतं", आणि तो गेला, बसला. पोरगी बघायला आल्यावर बापाला जसं होतं तसं मला झालं. चहा झाला. अक्कानं शेंगदाण्याची पोळी केली होती. शकुबाई दादूकडं न बघता दादूकडंच बघत होत्या.

"जरा निवलंय म्हनायचं," त्या म्हणाल्या.

"लई निवलंय," अक्का म्हणाली.

मग त्या उठल्या. रीतीप्रमाणं गप. पदर डोक्यावर घेतला, काही न बोलता गेटकडं निघाल्या. दादू पोत्यावर ताठ झाला. मी हळू म्हटलं, "पोतं." त्यानं माझ्याकडं बघितलं. माझ्या हातात चिलापीचा तुकडा, अंगठ्याएवढा. त्यानं तुकड्याकडंही बघितलं. आणि उठून, सावकाश चालत जाऊन, गेटला आडवा पडला.

दहातल्या तीनपैकी एक.

शकुबाई थांबल्या. "आबा," एवढंच म्हणाल्या.

"पोतं! दादू, पोतं!" मी ओरडलो. ओरडायचं नाही हे माहीत असून ओरडलो. तो हलला नाही. रविराज पुढं झाला तर दादूनं फक्त डोकं उचललं, आणि रविराज मागं झाला.

मग मी सरळ सांगितलं. स्टार्टर, भंगारवाला, अनिता, सगळं. "विहीणबाई, तोंडानं 'येते' म्हना. एवढंच. त्यो उठतोय."

"या घरात मी तसं म्हननार न्हाय."

"का?"

"का म्हंजी? तुमाला रीत ठाव न्हाय का? तुमच्याच घरचं वाईट व्हायला नको म्हनून."

पाच महिने मी कुणावर खरा चिडलो नव्हतो. कुत्र्यावर चिडायचो, पण ते वेगळं. त्या दिवशी चिडलो. "तुमी माज्या पोरीला सातव्यात घिऊन येनार हाय का न्हाय? बारशाला येनार हाय का न्हाय? येनारच नसाल तर नका म्हनू. रात्रभर उभं रहावा हितं. आन् येनार असाल तर मग म्हनायला काय होतंय? तुमी मातीला येते म्हनताय व्हय? नातवाला बघाय येते म्हना की!"

रविराज जमिनीकडं बघत होता. मला वाटलं, संपलं. पोरगी आता येत नाही.

शकुबाई मात्र चिडूनच, दादूकडं बोट करून, कुत्र्यालाच म्हणाल्या, "पुढल्या गुरवारी पोरीला घिऊन येते. ऐकलंस का? येते."

आता माझी पाळी होती. 'या' म्हणायचं होतं. सगळे माझ्याकडं बघतायत, दादू माझ्याकडं बघतोय, आणि मी तोंड उघडून नुसता उभा.

मागनं अक्काचा आवाज आला. "आगं या की बाई! या! ऊठ रं मुडद्या, वाट सोड!"

दादू उठला.

स्वप्नाली त्या गुरुवारी आली, त्याला आता सहा आठवडे झाले. शकुबाई तिला सोडून गेल्या, जाताना 'येते' म्हणाल्या, पण तोंड दुसरीकडं करून. अक्का अजून म्हणते की कुत्र्याच्या नादानं आम्ही सगळी रीत बुडवली. दादू स्वप्नालीच्या उंबऱ्यावर झोपतो. ती बस म्हणाली की पहिल्या सांगण्याला बसतो. हेच मी सांगितलं की आधी अंग खाजवतो, मग गोठ्याकडं बघतो, मग बसतो. तिला चालायला सांगितलंय, म्हणून आम्ही तिघं रोज सकाळी कॅनॉलच्या चारीपर्यंत जातो. दोरी माझ्याकडं असते. तो ओढतो, मी थांबतो. आधी जाता-येता चाळीसेक वेळा थांबायला लागायचं. काल अकरा वेळा. स्वप्नाली मोजते आणि हसते. माझा खांदा दुखतो.

डॉक्टर माधवींनी आणखी एक काम दिलंय. मोठ्यानं कुणी रडलं की दादू बिथरतो, मध्ये घुसतो. दहाव्याला बायका गळ्यात पडल्या तेव्हाही तसंच झालं होतं. तान्हं बाळ तर रडणारच. म्हणून त्यांनी बाळाच्या रडण्याचं रेकॉर्डिंग मोबाईलवर पाठवलंय. आधी अगदी बारीक आवाजात लावायचं, तो शांत राहिला की तुकडा द्यायचा, मग रोज थोडा आवाज वाढवायचा. महिना लागेल म्हणाल्या. दवाखान्यानं बाळंतपणाची पंधरा मार्च ही तारीख दिली आहे, म्हणजे महिनाच हातात आहे.

स्वप्नाली रोज विचारते, "आबा, लावलं का?" मी रोज म्हणतो, उद्या. या घरात रडण्याचा आवाज आपल्या हातानं लावायला माझं बोट पुढं होत नाही, म्हणून ते रेकॉर्डिंग मी दादूला अजून एकदाही ऐकवलेलं नाही.